कॉफीला म्हणून गेले, खिचडी खाऊन आले

आमच्या आणि काकूंच्या घरामध्ये कंपाउंडची भिंत आहे, छातीइतकीच. बांधताना मिस्त्री म्हणाला होता, अजून दोन थर चढवतो, आडोसा होईल. काकूंनी त्याची थापीच धरली. "आडोसा कशाला पायजे? आमाला काय चोऱ्या करायच्यात?" म्हणून भिंत तेवढीच राहिली आणि गेली अठरा वर्षं तिच्यावर काही ना काही वाळत आलंय. उन्हाळ्यात कुरडया, पावसाळ्यात गोधड्या, दसऱ्याच्या आधी घरातले झाडून सगळे पडदे. मागच्या सोमवारी तिच्यावर आमच्या ह्यांची सायकलची चड्डी वाळत होती.

काकू झाडांना पाणी घालायला आल्या. चड्डी दिसली तशी त्यांनी ती दोन बोटांच्या चिमटीत उचलली, उलटी केली आणि उन्हात धरून बघितली.

"अगं, हिला आतून गादी शिवलीय!"

"सायकलची चड्डी आहे, काकू."

"सायकलीला चड्डी?"

"सायकलवर बसणाऱ्याला हो."

"मग गादी सीटाला बसवायची का माणसाला?"

हाच प्रश्न मी ह्यांना विचारला होता तेव्हा "तुला नाही कळायचं" असं शास्त्रीय उत्तर मिळालं होतं. नंतर कळलं ते असं, की ह्या नव्या सायकलींचं सीट मुद्दामच अरुंद आणि कडक ठेवतात. मऊ, रुंद सीटवर मांड्या घासतात आणि पायडलला जोर लागत नाही. म्हणून गादी माणसाला. काकूंना हे पटलं नाही. "आमचे सासरे सीटाला टावेल गुंडाळून तीस वर्षं सायकल हाणले. त्यांच्या मांड्या कामून नाही घासल्या?"

तर प्रकरण काय आहे ते सांगते. ह्याचं मूळ बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बदली होऊन एक साहेब इथं हदगावात आले. सामानाच्या टेम्पोत एक कपाट, एक गादी आणि दोन सायकली. गल्लीत सगळे धरून चालले, की एक सायकल मिसेसची असणार आणि त्या मागून येणार. त्या आल्या नाहीत. दुसरी सायकलही साहेबांचीच निघाली. एक डांबरी रस्त्याची, एक खडबडीची. काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या, "एका माणसाला दोन सायकली आन बायको पुण्यात. कायतरी हाय बगं."

साहेब मेडिकलवर बीपीची गोळी घ्यायला जायचे. आमचे हे तिथंच शुगरची गोळी घ्यायला. कृषी केंद्रवाले भाऊजी कसलीच गोळी घ्यायला नाही, त्यांचं दुकान शेजारी म्हणून. मेडिकलवाले तर काउंटरवर असायचेच. गोळ्यांवरून ओळख झाली आणि ओळखीवरून सायकल.

साहेब पुण्याच्या गोष्टी सांगायचे. तिथं म्हणे दर रविवारी पहाटे दहा-बारा मित्र निघायचे, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचे, चाळीस-पन्नास किलोमीटर मारायचे आणि परत येताना कॉफी. दुकान ठरलेलं, टेबल ठरलेलं, वेटरही ठरलेला. "सायकलिंगला कॉफी लागतेच," असं ते एकदा म्हणाले तेव्हा कृषी केंद्रवाल्यांनी खरोखरच विचारलं, "कुठं, चेनला?"

मग हदगावात कॉफी कुठं मिळते यावर विचारविनिमय झाला. मेडिकलवाले म्हणाले, किराणा दुकानात दोन रुपयांची पुडी मिळते. आमचे हे म्हणाले, लग्नात मिळते. दोन्ही खरं आहे. आपल्याकडं चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची. मुलगी बघायला पाहुणे आले की जायफळ किसून कॉफी. लेकरू बारावीला असलं की रात्री जागायला कॉफी. आणि लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात ते स्टीलचं मशीन उभं असतं ना, वाफ सोडताना रेल्वेच्या इंजिनासारखं ओरडणारं, अर्धा कप फेस आणि वर चॉकलेटची पूड, ती कॉफी. हदगावला रेल्वे अजून आलेली नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या २८४ किलोमीटरच्या मार्गाचं काम चालू आहे. ते होईपर्यंत आम्हाला इंजिनाचा आवाज ऐकायचा तर लग्नाची तीथच लागते.

पण साहेब हटले नाहीत. इथं नाही तर शेजारच्या गावात असेल, म्हणाले. आणि चौघं निघाले शोधायला.

पहिल्या रविवारी गेले उमरखेडला. वाटेत मार्लेगावला पैनगंगेचा पूल. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि मराठवाड्याचा विदर्भ होतो. निजामाच्या वेळी तर राज्यच बदलायचं. नदीच्या अलीकडं हैदराबाद संस्थान, पलीकडं इंग्रजांचं वऱ्हाड. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होईपर्यंत रझाकारांना चुकवून इकडची किती माणसं नदी उतरून उमरखेडकडं गेली असतील. तिथं स्वातंत्र्यसैनिकांचा कॅम्प होता. काकूंच्या सासरची माणसंही त्यातलीच. लेकरू खांद्यावर, भाकरीचं गाठोडं डोक्यावर आणि छातीइतकं पाणी, असं त्या सांगतात. ते खांद्यावरचं लेकरू म्हणजे पुढं सीटाला टावेल गुंडाळणारे सासरे. ह्यांचा पहिला रविवार ऐकून काकू म्हणाल्या, "आमच्या माणसांनी जीव वाचवायला नदी ओलांडली. ह्यांनी कॉफी प्यायला. मिळाली का मंग?"

नाही मिळाली. बसस्टँडसमोर चहा घेतला आणि परत आले.

दुसऱ्या रविवारी तामसा. बारालिंगाचं दर्शन झालं. तामशाला जायचं ते संक्रांतीनंतर करीच्या भाजी-भाकरीच्या पंगतीला. गावागावांतून भाकरी येतात आणि जेवढ्या म्हणून भाज्या असतील तेवढ्या सगळ्यांची मिळून एकच भाजी शिजते. तिची चव घरी येत नाही, मी तीनदा करून बघितली आहे. पण पंगत जानेवारीतली आणि हे गेले सप्टेंबरात. तिथंही चहाच.

तिसऱ्या रविवारी वारंगाफाटा, आणि तिथं जे अडकले ते आजपर्यंत.

वारंगाफाटा तुम्हाला सांगायला नको, पण बाहेरचं कुणी वाचत असेल तर सांगते. हदगावपासून पंचवीसेक किलोमीटर. जिल्हा हिंगोली, तालुका कळमनुरी. नांदेडहून येणारा रस्ता तिथं फुटतो. एक हिंगोलीवरून अकोल्याकडं जातो आणि एक आपल्या हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ, नागपूरकडं. फाटा म्हटला की गाड्या थांबणार, गाड्या थांबल्या की माणसं उतरणार आणि माणसं उतरली की खाणार. वारंग्याला खातात खिचडी. नांदेड-हिंगोली भागात ज्याला वारंग्याची खिचडी माहीत नाही त्यानं एसटीनं कधी प्रवासच केला नाही असं खुशाल समजावं. पिवळीजर्द, मोकळीही नाही आणि गचकाही नाही. सकाळी सातला मोठ्या पातेल्याचं झाकण निघतं तेव्हा वाफेमागं वाढणारा दिसेनासा होतो, हे ह्यांचं वर्णन. प्लेटमध्ये खिचडी, तिच्यावर गरम भजे कुस्करायचे, मिठात घोळलेली तळलेली मिरची, आणि कढी ओरपायची. रोज घरी मी मुगाची खिचडी केली की "आज कुणाला बरं नाही का?" विचारणारा माणूस पन्नास किलोमीटर सायकल मारून खिचडी खाऊन येतो आणि वर्णन करतो.

पहिल्या दिवशी साहेबांनी तिथं विचारलं होतं, "कॉफी मिळेल?" पोऱ्यानं त्यांच्या हेल्मेटकडं पाहिलं, काळ्या चष्म्याकडं पाहिलं, खाली चड्डीकडं पाहिलं आणि आत ओरडला, "मालक, चार स्पेशल!" चार स्पेशल चहा आले. तेव्हापासून दर शनिवारी रात्री ह्यांच्या मोबाईलवर निरोप येतो, "उद्या साडेपाच, कॉफी." कॉफी अजून एकानंही प्यायलेली नाही.

"मंग कॉफी कामून म्हणायलेत?" काकूंनी विचारलं.

"खिचडी म्हटलं तर आपण घरी करून देऊ ना."

"हौ की," काकू म्हणाल्या.

आता मुख्य बातमी, किमतीची. मेडिकलवाल्यांनी सायकल घेतली तेव्हा वहिनींना सांगितलं, नऊ हजार. वहिनींनी मला सांगितलं, मी काकूंना. काकू म्हणाल्या, नऊ हजारात गाय येत नाही, सायकल ठीक आहे. दिवाळीत वहिनींनी कपाट आवरलं तर खालच्या कप्प्यात, जुन्या कॅलेंडरांच्या घडीत, बिल. अडतीस हजार पाचशे. त्यातही हेल्मेट वेगळं, लाईट वेगळा, आणि ती गादीची चड्डी वेगळी. वहिनींनी एक शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सराफाकडं गेल्या, आणि विचारल्यावर म्हणाल्या, "नऊ हजाराच्या बांगड्या आणल्या."

आमच्या ह्यांनी मला खरी किंमत सांगितली होती. का, तर ते पैसे माझ्या खात्यातून गेले होते.

आणि एवढ्या किमतीची सायकल छोट्या हत्तीत घालून आणावी लागली तो किस्सा तर गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. मनाठ्याच्या आसपास साहेबांचं मागचं चाक बसलं. रस्त्याकडेला पंक्चरवाला होता, मोटारसायकलचे आणि ट्रॅक्टरचे टायर काढणारा, हाताला वंगणाची पुटं. त्यानं ट्यूब बाहेर ओढली, घमेल्यातल्या पाण्यात बोट-बोट सरकवत नेली, बुडबुडा दिसला तिथं खिळ्यानं खूण केली. कानशीनं घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, पॅच चिकटवून लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून चार ठोके दिले. ह्यात कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण हवा भरायला गेला तर कॉम्प्रेसरची तोटी त्या वॉलवर बसेना. ह्या महागाच्या सायकलींचा वॉल वेगळा असतो. काडीसारखा बारीक, टोकाला इवलासा स्क्रू. प्रेस्टा म्हणतात त्याला, फ्रेंच. त्याच्यावर पितळेची एक टोपी बसवली की आपली साधी तोटी चालते. टोपी बोराच्या बीएवढी. ती साहेबांच्या घरी ड्रॉवरमध्ये होती, आणि पंपही. पंक्चरवाल्यानं ती सायकल फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, गाडी भारी हाय, पण हवा खात नाय." त्यानं वीसच्या जागी दहाच रुपये घेतले, पंक्चर काढलं, हवा भरली नाही, म्हणून अर्धे. मला ह्या माणसाला एकदा भेटायचंय.

साहेब आणि त्यांची सायकल मग एका छोट्या हत्तीत सोयाबीनच्या पोत्यांवर बसून हदगावात आले. बाकीचे तिघं मागून. चौकात ज्यानं पाहिलं त्यानं विचारलं, "साहेब, सोयाबीन काय भावानं दिलं?"

हसू येतं खरं, पण मला ह्या सगळ्यात एक गोष्ट खटकते, आणि ती मी ह्यांना तोंडावर सांगितली आहे. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. गाव आमच्यापासून नऊ किलोमीटर. काळी ॲटलस, मागं चौकोनी कॅरियर, त्याला शाळेच्या वह्यांचा गठ्ठा, पायजम्याच्या उजव्या पायाला क्लिप. रोज नऊ जाणं, नऊ येणं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर एकशे आठ किलोमीटर, आणि त्यातले निम्मे उलट्या वाऱ्यातले. त्यांना कुणी रायडर म्हटलं नाही. "गुरुजी आले" म्हणायचे आणि पोरं पळायची. आम्ही भावंडं त्याच ॲटलसवर शिकलो. आधी नळीच्या मधून पाय घालून हाफ पायडल, मग नळीवरून, मग सीटवर, पाय पुरत नाहीत म्हणून एकदा ह्या बाजूला लवंडायचं एकदा त्या. ज्यांच्या घरी सायकल नव्हती ती पोरं दुकानातून तासाच्या भाड्यानं आणायची आणि घड्याळ असलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी वेळ विचारायची.

ॲटलस कंपनी १९५१ची, सोनीपतची. २०२० साली लॉकडाऊनमध्ये जिम बंद, बाग बंद, म्हणून शहरातली माणसं सायकलींवर तुटून पडली. दुकानात सायकल शिल्लक राहीना. त्याच वर्षी ३ जूनला ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन. वडील तेव्हा हयात नव्हते, ते एक बरं. सायकल मात्र आहे. माहेरी गोठ्यात उभी आहे, कॅरियरवर सरकीचं पोतं ठेवायला उपयोगी पडते.

आणि वडिलांचं सोडा. दहाच्या आत आमच्या दारावरून शाळेच्या पोरी जातात, चार-चारच्या ओळीनं, दप्तर पुढच्या जाळीत, ओढणी गळ्याभोवती दोन वेढे देऊन बांधलेली, चेनमध्ये अडकू नये म्हणून. सरकारचा मानव विकास कार्यक्रम आहे, त्यात ठरावीक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकलीसाठी पैसे मिळतात. ज्या दिवशी सायकलीची चेन तुटते त्या दिवशी पोरगी शाळेला नाही. ह्या पोरींना कधी रस्त्यात आमचे चौघं दिसले, की त्यांच्या हेल्मेटकडं बघून तोंडावर ओढणी धरून हसतात. हसू दे. त्यांचा हक्क आहे.

आमच्या ह्यांना हे बोलले तर ते म्हणाले, "तुला खेळ आणि गरज यातला फरक कळत नाही." मग साहेबांकडून ऐकलेलं पुराण सुरू. लांब पल्ल्याची सायकलफेरी असते, तिला ब्रेव्हे म्हणतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत, तीनशेला वीस तास, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचला की झालं. मूळ फ्रान्सचं. तिथं पॅरिसहून ब्रेस्ट नावाच्या गावाला जाऊन परत पॅरिसला यायचं, बाराशे किलोमीटर, नव्वद तासांत, चार वर्षांतून एकदा. सुरुवात १८९१ची. साहेबांनी पुण्यात असताना दोनशेची एक केली आहे, त्याचं मेडल त्यांच्या हॉलमध्ये लटकवलेलं आहे. मला ह्यातली एकच गोष्ट आवडली. मधल्या ठरलेल्या गावाला खरंच पोचलात का ह्याचा पुरावा लागतो. कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि कुठं शिक्का मारणारा नसला तर हॉटेलचं बिल दाखवायचं, वेळ छापलेलं. चहाचं चालतं.

"चहाचं बिल दाखवलं की मेडल?" काकूंनी कपाळावर हात मारला. "आमच्या ह्यांच्या खिशात असली बिलं निघाली की मी भांडले. मेडल द्यायचं ते मला काय माहीत!"

पण नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंचं सांगितलं तेव्हा काकूही गप्प झाल्या. हितेंद्र आणि महेंद्र महाजन, दोघं भाऊ, दोघं डॉक्टर. २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळजवळ ४,८०० किलोमीटर, आळीपाळीनं सायकल मारत नऊ दिवसांच्या आत गेले. दोन वर्षांनी नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं पुरी केली. नागपूर म्हणजे आपल्या दारावरून जाणाऱ्या ह्याच रस्त्याचं पलीकडचं टोक, असं म्हणून आमच्या ह्यांनी त्यात हदगावचाही थोडा वाटा काढला.

"डाक्टरच कामून जातात सगळे सायकलीवर?" काकूंनी विचारलं.

"दुसऱ्याला रोज चालायला सांगतात ना, म्हणून असेल."

आता जे सांगणार आहे ते भिंतीच्या बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. गेलं असेल तर मेडिकलवाल्या वहिनींमुळं.

झालं असं, की आम्हा सगळ्यांना एकच कोडं होतं. पंचवीस किलोमीटर जायला ह्यांना दीड तास, यायला दोन तास, वारा उलटा असतो म्हणून. खिचडीला वीस मिनिटं. साडेपाचला गेलेली माणसं साडेनऊला घरी पायजेत. येतात साडेअकराला. मधले दोन तास कुठं जातात? काकूंचा संशय पत्त्यांवर, माझा संशय दुसऱ्या प्लेटवर. वहिनींचा कशावर होता ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्या सराफाच्या दिवसापासून जरा वेगळ्याच शांत होत्या.

मागच्या महिन्यात वहिनी त्यांच्या भावाच्या गाडीतून नांदेडहून येत होत्या. रविवारची सकाळ. वारंग्याला गाडी थांबली. उतरून बघतात तर कोपऱ्यातल्या बाकड्यावर चार हेल्मेटं उलटी ठेवलेली, रिकाम्या कढईसारखी, आणि चौघं पाठमोरे. वहिनींनी डोक्यावर पदर ओढला आणि मागच्या टेबलावर बसल्या. चहा मागवला. दोन चहा प्यायल्या.

"आधी सोयाबीनचा भाव काढला," वहिनी भिंतीवर कोपर टेकून सांगायल्या. "मग कुणाच्या पोराला कितीचं पॅकेज. मग मला वाटलं आता माझ्या बांगड्यांचं निघतंय. तर कृषी केंद्रवाले भाऊजी एकदम गप्प झाले. मग म्हणाले, मागच्या पावसात लोकांची रानं खरडून गेली, उधारी मागायला तोंड होत नाही. कंपनीवाले रोज फोन करायलेत. घरी सांगितलेलं नाही." वहिनी थांबल्या. "मग साहेब बोलले. पोरीच्या शिक्षणासाठी बायको पुण्यात राहते, दोन वर्षं झाली, फोनवर बोलायला आता विषय राहत नाही म्हणाले. रविवार आहे म्हणून बरं, म्हणाले."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं नाही. दोन सायकली आणि पुण्यातली बायको, हे त्यांचंच वाक्य होतं.

"आणि आमचे हे?" मी विचारलं.

वहिनी जरा घुटमळल्या. "सरांना डॉक्टरांनी इन्शुलिनचं सुचवलंय म्हणे. तीन महिन्यांची साखर वाढलीय. सुईची भीती वाटते म्हणाले. त्याच्यावर कुणी हसलं नाही."

मला माहीत नव्हतं. तीस वर्षं एका घरात, रोज गोळीचा डबा मी भरते, आणि मला माहीत नव्हतं.

काकूंनी पाण्याचा पाईप बंद केला. त्या सहसा बोलण्यासाठी पाईप बंद करत नाहीत. म्हणाल्या, "आपल्याला भिंत हाय गं. बाप्यांना कुठं हाय? त्यांची वारंग्याला बांधलेली हाय. जाऊ दे त्यांना." आणि लगेच, आवाज तोच ठेवून, "पण भजे किती खातात ते विचार."

मी ह्यांना काही विचारलं नाही. भजेही नाही. पुढच्या शनिवारी रात्री पाण्याच्या दोन बाटल्या भरून ठेवल्या, आणि साहेबांच्या ड्रॉवरमधली ती पितळी टोपी मागवून ह्यांच्या सायकलीच्या पिशवीत टाकली. ह्यांनी ती बघितली आणि म्हणाले, "तुला कुणी सांगितलं ही लागते म्हणून?" मी म्हटलं, सगळ्या हदगावाला माहीत आहे. चार दिवसांनी इन्शुलिनचं त्यांनीच काढलं, स्वयंपाकघरात, माझी पाठ त्यांच्याकडं असताना. मी पोळी उलटली आणि "बरं" म्हटलं.

आणि कॉफीचं म्हणाल तर ती शेवटी आमच्याच भिंतीवर आली. माझी भाची बंगळुरूला असते, तिनं स्टीलचा फिल्टर पाठवला. दोन डबे एकावर एक, वरच्याला बुडाशी बारीक भोकं. वरच्यात कॉफीची पूड घालून हलकी दाबायची, कढतं पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि विसरून जायचं. अर्ध्या तासानं खाली काळंभोर पाणी साचतं, थेंब थेंब. त्यात उकळतं दूध, साखर, आणि दोन भांड्यांत उंचावरून ओतून फेस. भाचीनं कॉफीबरोबर गोष्टही पाठवली होती. बाबा बुदान नावाचा एक फकीर हजहून येताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आला आणि त्या त्यानं चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, तिथून ही सगळी कॉफी, असं तिकडं सांगतात. त्या काळी बी बाहेर जाऊ देत नव्हते.

काकूंनी बशीत ओतून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, दुसरा घोट घेतला.

"चोरून आणली म्हणून कडू हाय," म्हणाल्या. "जायफळ घातलं असतं तर लपलं असतं."

ह्या रविवारी साडेसहाला, चौघं मनाठ्याच्या पुढं गेले असतील तेव्हा, वहिनी आपला कप घेऊन येणार आहेत, कृषी केंद्रवाल्या वहिनींनाही बोलावलंय. कॉफी माझी, जायफळ काकूंचं. भिंतीवरची चड्डी शनिवारी रात्रीच काढून ठेवायची, असं काकूंनी ह्यांना समोरासमोर बजावलं आहे.